पिल्लाच्या मानेतील चिप आणि विकणाऱ्याचे नाव : युरोपातील कुत्र्या-मांजरांच्या सीमापार व्यापाराचा माग कसा लागणार?

इसारकाठ (म्युनिक) – धाग्याची सुरुवात

कुत्र्या-मांजरांचे कल्याण आणि त्यांचा माग या विषयावरील नियमावलीचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने ७ डिसेंबर २०२३ रोजी मांडला. सदस्य देशांच्या परिषदेने जून २०२४ मध्ये आणि युरोपीय संसदेने जून २०२५ मध्ये आपापली भूमिका ठरवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वाटाघाटींतून तडजोडीचा मसुदा तयार झाला. पैदास, विक्री आणि नोंदणी यांसाठी सगळ्या युरोपीय संघाला एकच किमान नियम लावण्याचा हा पहिला प्रयत्न आहे. त्याच्या बातम्यांतून ‘आता प्रत्येक मांजराला चिप’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे आणि इथल्या आमच्या मराठी मंडळातही बोलणे तिथेच अडकते. मला स्वतःला चिप हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग वाटतो. अवघड भाग निराळा आहे आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

व्यवहाराचा आकार आधी सांगतो. आयोगाच्या अंदाजानुसार संघात सुमारे ७ कोटी २० लाख कुत्री आणि ८ कोटी ३० लाख मांजरे आहेत, त्यांच्या खरेदी-विक्रीची वार्षिक उलाढाल सुमारे १३० कोटी युरो आहे आणि जवळपास ६० टक्के खरेदीदार आपला प्राणी इंटरनेटवरून मिळवतात. पैदास मुख्यतः पूर्वेकडे होते, गिऱ्हाईक पश्चिमेकडे असते आणि मधल्या सीमांवर बहुतेक ठिकाणी कोणी थांबवत नाही.

कायद्याने प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कुटुंबाचा. एप्रिल २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१३ च्या नियमावलीनुसार (क्रमांक ५७६) मालकासोबत प्रवास करणाऱ्या प्राण्याला चिप, रेबीजची लस आणि पशुवैद्याने भरलेला पासपोर्ट एवढे पुरत असे. एका मालकासोबत जास्तीत जास्त पाच प्राणी असावेत, एवढी मर्यादा होती. दुसरा मार्ग व्यापाराचा. त्यात प्राणी नोंदणीकृत केंद्रातूनच निघावा लागतो, निघण्यापूर्वीच्या ४८ तासांत पशुवैद्याने तो तपासावा लागतो, आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि २००४ पासून चालू असलेल्या ‘ट्रेसेस’ या संगणक प्रणालीवर पाठवणीची नोंद करावी लागते, म्हणजे तो माल कुठून कुठे चालला आहे हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना आधीच कळते. साहजिकच ज्याला कळू द्यायचे नाही तो पहिला मार्ग धरतो. गाडीत तीन माणसे आणि पंधरा पिल्ले असली, तर कागदोपत्री ती तीन श्वानप्रेमी माणसांची सहल ठरते.

यातली खरी मेख वयाची आहे. रेबीजची लस पिल्लू बारा आठवड्यांचे झाल्याखेरीज टोचता येत नाही आणि ती लागू पडायला एकवीस दिवस जावे लागतात, म्हणून जर्मनी, फ्रान्स यांसारख्या देशांत बाहेरून येणारे पिल्लू कायद्याने किमान पंधरा आठवड्यांचे असावे लागते. गिऱ्हाइकाला मात्र आठ आठवड्यांचे, तळहातावर मावणारे पिल्लू हवे असते, आणि पंधरा आठवड्यांपर्यंत वाढवलेल्या पिल्लाचा खाण्याचा, लशींचा व जागेचा खर्च वाढतो तसतशी त्याची किंमत उतरत जाते. म्हणजे नियम पाळणाऱ्याला मधल्या सात आठवड्यांचा तोटा होतो आणि न पाळणाऱ्याचा सगळा नफा त्याच सात आठवड्यांत असतो. त्यासाठी पासपोर्टवर जन्मतारीख मागे ढकलली की काम भागते.

आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने गेल्या वर्षी जाहिरात पाहून फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू घेतले. विक्रेत्याने ‘इथलेच, घरी जन्मलेले’ असे सांगून महामार्गालगतच्या वाहनतळावर ते हाती दिले. चारच दिवसांत त्याला पार्व्हो या पिल्लांसाठी जीवघेण्या विषाणूची लागण झाल्याचे निदान झाले. पशुवैद्याने स्कॅनर फिरवला तेव्हा चिप होती, क्रमांक पंधरा अंकी होता आणि त्याचे पहिले तीन आकडे ६४२ होते. २७६ हा जर्मनीचा संकेत आहे, ६४२ रुमानियाचा. इथल्या दोन्ही मोठ्या नोंदवह्यांत तो क्रमांक कुणाच्याच नावावर नव्हता आणि विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. चिप अगदी नियमानुसार होती, पण तिच्यामागे माणूस नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की, या व्यापाराचा माग प्राण्याच्या मानेपासून नव्हे तर त्याची पहिली नोंद करणाऱ्यापासून लागला पाहिजे. सात-बाऱ्यावर आजचा मालक दिसतो, पण जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे फेरफार पाहिल्याशिवाय कळत नाही. चिपच्या नोंदीतही मूळ पैदासकाराचे नाव मालक बदलला तरी पुसता येणार नाही अशी तजवीज हवी. नव्या मसुद्याचे मोजमाप मी तरी याच कसोटीवर करतो.


जकातनाका (वियेना)

धागाकर्त्यांनी मांडलेली दोन मार्गांची मांडणी बरोबर आहे. माझे काम मालवाहतुकीच्या कागदपत्रांशी संबंधित असल्याने थोडी भर घालतो.

शेंगेन क्षेत्रात सीमेवर तपासणी नसल्यामुळे पिल्लांच्या गाड्या सापडतात त्या बहुधा महामार्गावरच्या अचानक तपासणीत, आणि पुष्कळदा पोलीस भलत्याच कारणासाठी गाडी थांबवतात. गाडी उघडल्यावर पहिला प्रश्न वयाचा येतो. पासपोर्ट पंधरा आठवडे म्हणत असेल, तर पशुवैद्य पिल्लाचे तोंड उघडून दात पाहतो. साधारण तीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात येऊ लागतात. तोंडात सगळे सुईसारखे बारीक दुधाचे दात असतील, तर पासपोर्टवरील तारखेबद्दल शंका घ्यायला जागा उरते. शिवाय आठ आठवड्यांखालील पिल्लाला आईशिवाय प्रवासाला नेणे हे २००५ च्या प्राणीवाहतूक नियमावलीनुसार मुळातच निषिद्ध आहे, त्यामुळे लसीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी कारवाई होऊ शकते.

पासपोर्टाबाबत एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस नव्या नमुन्याचा पासपोर्ट आला आणि त्यात चिपची माहिती असलेल्या पानावर पारदर्शक चिकटपट्टी बसवायची सोय झाली, कारण त्याआधी एका पासपोर्टमध्ये क्रमांक खोडून दुसरा लिहिण्याचे प्रकार होत. चिकटपट्टीमुळे खाडाखोड कमी होते. पण कोऱ्या पासपोर्टांचा गठ्ठाच एखाद्या बेइमान पशुवैद्याच्या हातून बाहेर पडला, तर त्यातली प्रत्येक नोंद दिसायला अस्सलच असते. २०२२-२३ मध्ये आयोगाने सदस्य देशांना सोबत घेऊन बेकायदा व्यापाराविरुद्ध संयुक्त मोहीम चालवली, तिच्या अहवालात खोटी कागदपत्रे आणि व्यापाराला घरगुती प्रवासाचे रूप देणे हेच दोन प्रकार ठळकपणे मांडलेले आहेत.

आपल्या निष्कर्षाशी मी नव्वद टक्के सहमत आहे. उरलेले दहा टक्के एवढ्यासाठी की, पहिली नोंद करणारा माणूस संघाबाहेरचा असेल, तर त्याचे नाव कळून तरी काय करणार?


चौकस (ठाणे)

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मला यात नेहमीचा सरकारी खाक्या दिसतो. जो चोरी करतो तो नोंद करणार नाही, आणि जो नोंद करतो तो चोर नसतो. मग १५ कोटींहून अधिक प्राण्यांच्या मालकांना नोंदवहीत नाव घालायला लावून नेमके काय साधणार? खेड्यातल्या एखाद्या आजीबाईंच्या मांजरीला चार पिल्ले झाली आणि त्यांनी ती शेजारीपाजारी दिली, तर त्याही गुन्हेगार ठरणार काय? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, ते इथे शब्दशः खरे होण्याची लक्षणे आहेत. मुदतही दहा-पंधरा वर्षांची आहे असे वाचले. एवढ्या काळात आजच्या पिल्लांची सबंध पिढी संपून जाईल.

माझा दुसरा आक्षेप खरेदीदाराविषयी आहे. आपल्या शेजाऱ्यांनी वाहनतळावर रोख पैसे मोजून जिवंत प्राणी विकत घेतला आणि सहानुभूती मात्र त्यांच्याच वाट्याला आली. मागणी तिथून येते, तर कायद्याचा दंडा तिथे का पडू नये?


मंजिरी_लेस्टर

चौकस यांचा दुसरा आक्षेप मला पटतो, पण ब्रिटनचा अनुभव पाहिला तर एकाच जागी दंडा मारल्याने काय होते तेही दिसते.

इथे २००० सालापर्यंत बाहेरून येणाऱ्या कुत्र्या-मांजराला सहा महिने विलगीकरणात ठेवावे लागे, आणि एवढा खर्च करून पिल्लांचा व्यापार कोणालाच परवडण्यासारखा नव्हता. त्यानंतर चिप, लस आणि रक्ततपासणी यांवर आधारलेली प्रवासयोजना आली, २०१२ पासून नियम युरोपीय संघाच्या बरोबरीने सैल झाले आणि पूर्व युरोपातून पिल्लांचा ओघ सुरू झाला. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ‘ल्यूसीज लॉ’ लागू झाला. सहा महिन्यांखालील पिल्लू तिऱ्हाईत व्यापाऱ्याने विकायचे नाही. ते पैदासकाराकडूनच किंवा प्राणी-निवाऱ्यातून घ्यायचे. नियम उत्तम, पण त्याच वसंतात टाळेबंदी आली, घरी बसलेल्या प्रत्येकाला कुत्रा हवासा झाला आणि दुकानाऐवजी जाहिरात, जाहिरातीऐवजी ‘सुटका केलेला अनाथ कुत्रा’ अशा वाटांनी तोच व्यापार चालू राहिला.

या शेवटच्या वाटेबद्दल बोलायला लोक कचरतात, कारण तिथे पैसा आणि करुणा एकमेकांत मिसळलेले असतात. रुमानियातील रस्त्यांवरचे कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थांमध्ये मनापासून काम करणारी माणसे आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र दत्तक-शुल्क घेऊन आठवड्याला गाडी भरून कुत्रे पाठवणाऱ्याला व्यापाराचे नियम लावायचे की कुटुंबाचे, याचे उत्तर कायद्याने कधीच ठणकावून दिले नाही. परिणाम आरोग्यावर झाला. ब्रुसेला कॅनिस हा कुत्र्यांत गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होऊ शकणारा जिवाणू २०२० नंतर इथे वारंवार सापडू लागला, आणि बाधित कुत्र्यांपैकी अनेक पूर्व युरोपातून आलेले होते. औषधाने तो कायमचा जाईल अशी खात्री देता येत नाही, त्यामुळे पशुवैद्य मालकापुढे अत्यंत क्लेशदायक पर्याय ठेवतात. रेबीजच्या लसीची तारीख पाहणाऱ्या सगळ्या यंत्रणेला हा आजार दिसतच नव्हता.

अखेर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने आयातीविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यात घरगुती प्रवासासाठी माणशी पाच ही मर्यादा बदलून गाडीमागे पाच आणि पायी अथवा विमानाने येणाऱ्यामागे तीन अशी केली आहे, तसेच सहा महिन्यांखालील पिल्ले, गाभण अवस्थेच्या शेवटच्या टप्प्यातील माद्या आणि कान कापलेले कुत्रे आणण्यावर बंदी घालण्याचे अधिकार सरकारला दिले आहेत. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या तीन माणसे आणि पंधरा पिल्ले या युक्तीला ‘गाडीमागे पाच’ हे सरळ उत्तर आहे. आणि वय सहा महिन्यांवर नेले की दात पाहून वाद घालायला फारशी जागा राहत नाही. आठ आठवडे आणि पंधरा आठवडे यांतला फरक सामान्य पोलिसाला कळणे कठीण, पण सहा महिन्यांचा कुत्रा तर कोणीही ओळखतो.


कोथरूडकर

विषयाला धरूनच, पण स्वार्थी प्रश्न विचारतो. येत्या वर्षी आम्ही नोकरीनिमित्त श्टुटगार्टला जाणार आहोत आणि आमची चार वर्षांची ‘राणी’, जी कोणत्याही जातीची नसून आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ सापडलेली आहे, तिला सोबत नेणार आहोत. तिला चिप नाही. रेबीजची लस दरवर्षी दिली जाते आणि महापालिकेचा परवाना आहे. एजंट सांगतात की चार-पाच महिने लागतील आणि रक्ततपासणीही करावी लागेल. दरवर्षी लस देऊनही रक्त कशाला तपासायचे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. हा व्यापार रोखण्याचा भुर्दंड आमच्यासारख्यांवर पडतो आहे काय?


गोठ्यातला_डॉक्टर (सांगली)

कोथरूडकर, भुर्दंड आहे हे खरे, परंतु त्याचे मूळ व्यापारापेक्षा रेबीजमध्ये आहे. रेबीजच्या दृष्टीने ज्या देशांना युरोपीय संघाने आपल्या यादीत घेतलेले नाही, त्यांत भारत येतो. अशा देशातून येणाऱ्या प्राण्याला लस टोचली याचा कागद पुरत नाही, लसीने प्रतिकारशक्ती निर्माण केली याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठीच आपण ज्याला टायटर टेस्ट म्हणतो ती करतात. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलीटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. त्यानंतरची तीन महिन्यांची प्रतीक्षा अशासाठी, की लस देण्यापूर्वीच प्राण्याला लागण झालेली असेल, तर ती बहुतांशी या काळात उघड व्हावी.

क्रम अजिबात चुकवू नका. पहिल्यांदा चिप, मग लस. चिपच्या आधी दिलेली लस तिथे धरली जात नाही, कारण ती याच प्राण्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. म्हणून राणीला चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागेल. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचे आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच ते तपासून घ्यायचे. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने मोजायचे. मग निघण्याआधी केंद्र सरकारच्या पशु संगरोध केंद्राकडून (तुमच्यासाठी मुंबईचे) आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचे, जे दिल्यापासून दहा दिवसांत तुम्ही तिथे पोहोचायला हवे. तुमच्या आणि राणीच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नका, नाहीतर तिचा प्रवास घरगुती समजला जाणार नाही. एजंटाने सांगितलेले चार-पाच महिने हे असे भरतात.

हे सगळे अतिरेकी वाटत असेल तर फ्रान्सचे उदाहरण पाहा. मोरोक्कोहून बेकायदा आणलेल्या कुत्र्यामुळे तिथे स्थानिक कुत्र्यांना लागण झाली आणि २००८ मध्ये फ्रान्सचा रेबीजमुक्त देश हा दर्जा गेला, तो २०१० मध्ये परत मिळाला. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये मोरोक्कोत घेतलेले आणि स्पेनमार्गे आणलेले पिल्लू रेबीजचे निघाले, आणि त्याला हाताळलेल्या प्रत्येकाला शोधून लस द्यावी लागली. दोन्ही ठिकाणी आणणारे मोठे तस्कर होते असे नाही. कुत्र्यामुळे होणाऱ्या रेबीजने माणसे दगावणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या तालुका रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता आपल्या बाजूचेही थोडे. भारताने एप्रिल २०१६ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करणे बंद केले. परदेशातून राहायला परत येणाऱ्या माणसाला आपले दोन पाळीव प्राणी मात्र आणता येतात. २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्राचे नियम आले, त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायचे नाही आणि विकण्यापूर्वी चिप बसवायची. कागदावर हे युरोपाहून फार मागे नाही. पण गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि तो क्रमांक टाकला की केंद्राच्या संगणकावर जनावराची नोंद उघडते, तशी देशभराची नोंदवही कुत्र्या-मांजरांसाठी नाही. भारताचा चिप-संकेत ३५६ आहे. पुष्कळ चिपांवर तोही नसतो, नऊशेपासून सुरू होणारा उत्पादक कंपनीचा संकेत असतो. त्यामुळे इसारकाठ यांच्या इमारतीत जे घडले, ते पुण्यात रोज घडू शकते आणि त्याला सीमेचीही गरज नाही.


इसारकाठ (म्युनिक)

सर्वांचे आभार. आता आक्षेपांकडे वळतो.

चौकस, आपल्या आजीबाई सुरक्षित आहेत. एखाद-दुसऱ्या मादीची क्वचित होणारी पिल्ले देणाऱ्या घरांवर पैदास केंद्रांचे बरेचसे नियम लादायचे नाहीत, ही भूमिका आयोगाच्या मूळ प्रस्तावातच होती. दहा आणि पंधरा वर्षे या मुदती अनुक्रमे साध्या कुत्रेमालकांच्या आणि मांजरमालकांच्या आहेत. पैदासकार, विक्रेते आणि निवारे यांना चार वर्षांत तयारी करायची आहे. म्हणजे पहिला भार आपण म्हणता त्या धंदेवाल्यांवरच आहे. मांजरांना पंधरा वर्षे हे मलाही फार वाटते, परंतु शेतावरच्या मोकाट मांजरांचा मालक कोण, हा प्रश्न इथल्या खेड्यांतही सुटलेला नाही.

चोर नोंद करणार नाही, हे खरेच आहे. म्हणूनच नोंद नसणे हीच पकडण्याची खूण बनली पाहिजे. आज माझ्या शेजाऱ्यांच्या पिल्लाची चिप कोणत्याच वहीत नव्हती, तरी त्यात बेकायदा काही ठरत नव्हते, कारण जर्मनीत देशव्यापी सक्तीची नोंदणीच नाही. टासो आणि फिंडेफिक्स या दोन्ही वह्या ऐच्छिक आहेत, आणि सक्ती आहे ती लोअर सॅक्सनी किंवा बर्लिनसारख्या काही राज्यांपुरती. विकण्यापूर्वी विक्रेत्याच्या नावावर नोंद असलीच पाहिजे असा नियम झाला, की नोंद नसलेले पिल्लू जाहिरातीत दिसणे हाच पुरावा होतो. मसुद्यात जाहिरातीतील प्राण्याची ओळख खरीदारालाही तपासता येईल अशी ऑनलाइन व्यवस्था आहे. खरेदीदाराला दंड करण्याविषयी आपले म्हणणे मला त्यानंतर पटेल. तपासण्याची सोय हाती असताना जो तपासत नाही, त्याला अजाण म्हणता येणार नाही.

जकातनाका यांचे दहा टक्के अधिक अवघड आहेत. सर्बियातील किंवा तुर्कस्तानातील पैदासकार सापडला तरी त्याच्यापर्यंत संघाचा हात पोहोचत नाही. मसुद्याने यावर दोन बाजूंनी बंदोबस्त करून पाहिला आहे. विक्रीसाठी आणलेला प्राणी चिपसह यावा आणि त्याची इथल्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद व्हावी. आणि कुटुंबासोबत येणाऱ्या प्राण्याचीही, तो संघातल्या वहीत आधीच नसेल तर, किमान पाच कामकाजी दिवस आधी ऑनलाइन पूर्वनोंद व्हावी. दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. एकच माणूस वर्षातून आठ वेळा ‘आपला लाडका’ कुत्रा घेऊन येत असेल आणि त्यातला एकही कुत्रा परत जात नसेल, तर हे आजवर कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हते. पूर्वनोंदीत ते आपोआप दिसेल. परक्या देशातला पैदासकार सुटला तरी इथे उतरवून घेणारा सुटणार नाही.

मात्र हे सगळे देशोदेशीच्या वह्या एकमेकींशी बोलतील या गृहीतावर उभे आहे. आज प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे. काही ठिकाणी सरकारी वही, काही ठिकाणी खासगी, काही ठिकाणी तीन-चार. आयोग मधली अनुक्रमणिका ठेवणार आहे, म्हणजे क्रमांक टाकला की तो कोणत्या देशाच्या वहीत आहे एवढे कळेल. पहिल्या नोंदणाऱ्याचे नाव किती वर्षे जपायचे आणि ते कोणाला पाहता येईल हे कसे ठरते, यावर माझे लक्ष आहे. खासगीपणाच्या नावाखाली ते मालक बदलताच पुसले गेले, तर एवढा सगळा खटाटोप हरवलेली मांजरे शोधून देण्यापुरता उरेल.


ऑस्टिनवासी

अमेरिकेतील एक उदाहरण थोडक्यात देतो, कारण त्यातून कागदावर किती विसंबावे हे कळते. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून ३३ कुत्रे आणि एक मांजर असा ‘सुटका केलेल्या’ प्राण्यांचा जथा शिकागोला उतरला. सर्वांजवळ रेबीजच्या लसीची प्रमाणपत्रे होती. पेनसिल्व्हेनियात पोहोचलेल्या त्यांपैकी एका कुत्र्याला काही दिवसांतच रेबीज झाल्याचे आढळले आणि वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेल्या उरलेल्या सगळ्यांचा माग काढावा लागला. पुढच्याच महिन्यात सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून कुत्रे आणण्यावर तात्पुरती बंदी घातली, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून कोणत्याही देशातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा व चिप असलेला हवा, असा कायमचा नियम केला. धोक्याच्या देशांच्या यादीत भारत आहेच, त्यामुळे तिथून येणाऱ्यांना याखेरीज अधिक अटी आहेत. मंजिरी यांनी म्हटलेली सहा महिन्यांची रेषा इथेही आखली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.


चौकस (ठाणे)

इसारकाठ, आजीबाईंच्या वतीने आभार. नोंद नसणे हाच पुरावा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरीही एक शंका उरते. महामार्गावर पंधरा पिल्ले पकडली गेली तर पुढे त्यांचे काय होते? की दंड भरून गाडी पुढे जाते?


जकातनाका (वियेना)

गाडी पुढे जात नाही. रेबीजची लस लागू नसलेली पिल्ले ताब्यात घेऊन विलगीकरणात ठेवतात आणि लस देऊन मुदत भरेपर्यंत ती तिथेच राहतात. मूळ देशात परत पाठवण्याची तरतूद आहे, पण आजारी आणि एवढ्या लहान पिल्लांना पुन्हा हजार किलोमीटरचा प्रवास घडवायला कोणताही पशुवैद्य सहसा राजी होत नाही. पंधरांतली काही पार्व्होने दगावतात. उरलेल्यांना सांभाळण्याचा कित्येक आठवड्यांचा खर्च कायद्याने आणणाऱ्याकडून वसूल करायचा असतो, पण चालक भाड्याने घेतलेला असतो आणि त्याच्या खिशात काही नसते, म्हणून प्रत्यक्षात तो बोजा गावच्या प्राणी-निवाऱ्यावर आणि नगरपालिकेवर पडतो. एकाच वेळी चाळीस पिल्ले येऊन दाखल झाली, की निवारे बाकीचे प्राणी घेणे थांबवतात. काही ठिकाणी पोलीस गाडी थांबवण्यापूर्वी निवाऱ्यात जागा आहे काय, याची चौकशी करतात, असे माझ्या एका सहकाऱ्याने सांगितले. हे ऐकल्यावर पहिल्या नोंदणाऱ्याच्या नावाबद्दलचे माझे दहा टक्के मी पाचवर आणतो, कारण वसुलीसाठी चालकामागचा माणूस सापडण्याची तेवढी एकच जागा आहे.


कोथरूडकर

डॉक्टरसाहेब, इतके स्पष्ट उत्तर आम्हाला तीन एजंटांकडूनही मिळाले नव्हते. चिप या आठवड्यात बसवतो. ती ३५६ ची घ्यावी की नऊशेची, यात काही फरक पडतो काय? आणि राणी तिथे पोहोचल्यावर नोंद कुठे करायची?


गोठ्यातला_डॉक्टर (सांगली)

दोन्ही चालतात, चिप आयएसओ मानकाची, म्हणजे ११७८४ आणि ११७८५ या क्रमांकांची असावी, एवढे वेष्टनावर पाहून घ्या. बसवल्यावर आणि पुन्हा रक्त घेण्याच्या दिवशी स्कॅनरने क्रमांक वाचून प्रयोगशाळेच्या अर्जावर तोच उतरवला आहे ना, हे स्वतः तपासा. एका आकड्याची चूक झाली तर सबंध तीन महिने पुन्हा मोजावे लागतात.


इसारकाठ (म्युनिक)

नोंद टासोकडे ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. पत्ता मिळाला की त्याच दिवशी करा. श्टुटगार्टला कुत्र्याचा पालिका-कर वेगळा भरावा लागतो, त्याचा बिल्ला मिळतो, पण त्या नोंदीचा चिपच्या नोंदवहीशी संबंध नाही. टायटरचा मूळ अहवाल जपून ठेवा आणि रेबीजची लस मुदत संपण्याआधी देत राहा, म्हणजे तो अहवाल पुढेही ग्राह्य राहतो. इथल्या पशुवैद्याकडून राणीचा युरोपीय पासपोर्ट काढताना त्या अहवालाची नोंद त्यात करून घ्या. सुटीत तिला पुण्याला नेऊन परत आणायची वेळ आली, तर तीन महिन्यांची प्रतीक्षा पुन्हा करावी लागणार नाही.